तेजपथकाची हृदय-पुरवणी

उमेळे, वसई
१६ जून २००२

प्रिय स्टेफी,

भुईगावात तुझा निरोप म्हणे लग्नापेक्षा जोरात झाला. मी आलो नाही. बोलावणं होतं, पण रोझलिनमावशींच्या हातच्या तळलेल्या गोल फुग्या तोंडात कोंबून ‘वा, पोरगी सिस्टर होणार, नशीब काढलंत’ म्हणायला जे थोबाड लागतं ते माझ्याकडे नाही. ते सिद्धेशकडे आहे. तो आला होता, दोनदा वाढून घेतलं म्हणाला.

कामाचं बोलू. ‘तेजपथक’ खेळाचं मूळ पुस्तक छापून झालं. मालक जेवायला गेला की मी दुकानातलं झेरॉक्स मशीन पळवायचो. आपले नायक, त्यांचे बशीएवढे डोळे, वारा नसताना उडणारे केस, एका उडीत ओलांडलेल्या इमारती, सगळ्याचे नियम बसले. तुझ्या चित्रांची शाई थोडी पसरलीय, त्यामुळे तुझी उल्का प्रत्येक पानावर नुकतीच रडून आल्यासारखी दिसते. मला ते बरोबर वाटलं.

आता पुरवण्या. ज्याला हवी त्याने जोडावी, नको त्याने सोडावी, मूळ खेळ अडत नाही. यंत्रमानव-पुरवणीत नायक लोखंडी राक्षसाच्या पोटात बसून लढतो. भूत-पुरवणीला किल्ला आपल्याकडे आहेच, पोर्तुगीज भूतही तिथेच राहतं. स्वयंपाक-पुरवणी सिद्धेशला दिलीय. जपानी कार्टूनमध्ये लोक एकमेकांवर ओरडत स्वयंपाक करतात, म्हणजे त्याचा घरी बसूनच अभ्यास होईल. आणि एक हृदय-पुरवणी. कॉलेजातलं प्रेम वगैरे. ती मी स्वतः लिहितोय. बाकीच्या कोणीही लिहील.

मुखपृष्ठं तू काढायची आहेस. देवाला दिवसातला किती वेळ लागतो तुझा? उरलेल्या वेळात काढ.

तुझा, सूत्रधार या नात्याने,
सुमेध

ता. क. सिद्धेश म्हणाला, स्टेफी आता येणार नाही, तर तिची उल्का अनुष्काला खेळू दे. मी त्याच्याशी बोलत नाही.

•

नाशिक
२९ जून २००२

श्री. सुमेध यांस,

आपले पत्र मिळाले. उमेदवारीच्या वर्षात मुलींना आलेली पत्रे प्रमुख सिस्टरने आधी वाचावीत अशी आमच्या घरची पद्धत आहे. ती प्रमुख मी. आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा पद्धत म्हणून आणि दुसऱ्यांदा काही कळले नाही म्हणून.

काही शंका आहेत. ‘लोखंडी राक्षसाच्या पोटात’ कोण बसणार आहे? मालकाला न विचारता त्याचे मशीन वापरण्याला आपल्याकडे काय म्हणतात? पुरवणी म्हणजे रविवारच्या पेपरात येते तशी का? आणि यात फासे टाकतात असे स्टेफीकडून कळले, मग हा जुगार आहे का? स्टेफी म्हणते नाही, पण ती हसत हसत म्हणते, म्हणून आपल्याला विचारते.

‘देवाला तुझा किती वेळ लागतो’ याचे उत्तर माझ्याकडे आहे. साधारण तुमच्या झेरॉक्स मशीनला लागतो तितकाच, पण इथे मालक जेवायला जात नाही.

स्टेफीला महिन्यातून एक पत्र लिहिता येते. या महिन्याचे तिने आईला लिहिले.

आणि हो, मी वसईतल्या गासची आहे. उमेळ्याची मुले मला नवीन नाहीत.

सिस्टर आल्बिना

•

उमेळे
७ जुलै २००२

आदरणीय सिस्टर,

दुसऱ्याचं पत्र उघडण्याला आपल्याकडे काय म्हणतात, तेही एकदा कळवा.

हा जुगार नाही. चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार म्हणतो, ‘पूल कोसळतोय, काय करतेस?’ खेळणारी म्हणते, ‘उडी मारते.’ जमेल की नाही ते फासे ठरवतात. हरलेल्याचं काही जात नाही, जिंकलेल्याला काही मिळत नाही. वर्षभर दर रविवारी आम्ही स्टेफीच्या ओट्यावर खेळलो, चर्चमधली मिस्सा झाली की. तिची आई, रोझलिनमावशी, मधूनच येऊन विचारायच्या, ‘अजून मेले नाहीत का तुमचे ते?’

पुरवणी म्हणजे जेवणातलं लोणचं. मूळ पुस्तक म्हणजे वरणभात. लोणचं नको असेल तर घेऊ नये, पण दुसऱ्याच्या ताटातलं चाखून बघू नये.

हृदय-पुरवणीचा कच्चा मसुदा सोबत जोडलाय. तो स्टेफीला अभ्यासासाठी द्यावा. त्यात वैयक्तिक काहीही नाही. नमुन्यादाखल:

नायिका दूर गेल्यास नायकाची ताकद निम्मी होते, राग दुप्पट. नायकाने दर महिन्याला फासे टाकायचे; बेरीज दहाच्या वर गेली तर नायिकेला त्याची आठवण येते. अडथळे: डोंगर, पूर, वडील, मठ. यापैकी मठ सर्वांत कठीण, कारण त्याच्या दारात एक वृद्ध द्वारपालिका असते. तिचे कान तीक्ष्ण, गुडघे कुरकुरणारे, तिला झोप नाही आणि विनोद तिला लागू पडत नाहीत.

कळावे.
सुमेध

•

नाशिक
४ ऑगस्ट २००२

प्रिय सुमेध,

या महिन्याचं पत्र तुला. आई रागावेल.

मसुदा वाचला. अरे, तू स्वतःला सूत्रधार म्हणवतोस ना? नायकाला ताकद आहे, राग आहे, दर महिन्याला फासे आहेत. नायिकेला काय आहे? तिला आठवण ‘येते’. नायकाचे फासे चांगले पडले की हिला आठवण येते! म्हणजे ही झोपलेली, आणि तू तिकडे उमेळ्याला फासे टाकतोयस, आणि ही दचकून उठून बसते. तिच्या हातात एकही फासा नाही. लाज वाटायला हवी. उल्काने तुझा जबडा फोडला असता.

यंत्रमानव-पुरवणी बरी आहे, पण तिच्यात मोठी चूक आहे. राक्षसाच्या पोटात चढायला शिडी दिलीस, बसायला खुर्ची दिलीस, बाहेर पडायला दारच नाही. आत गेलेलं माणूस काय आयुष्यभर तिथेच बसणार? आधी दार काढ. मला याचं फार वाटतं.

मी बरी आहे. जेवण बरं असतं, भात जाड असतो. सकाळी लवकर उठतो. मागे एक मोठं आंब्याचं झाड आहे. ऑस्करला मस्कतला पत्र लिहिलंस तर सांग, त्याच्या हॉटेलातल्या केकांचे फोटो पुरे, केक पाठव.

स्टेफी

(समासात, वेगळ्या अक्षरात:) द्वारपालिकेचे कान ठीक ठेवावेत. गुडघे मात्र कमी करावेत, ते खरे नाहीत. विनोद लागू पडतो, चांगला असला तर. – सि. आ.

•

उमेळे
१ सप्टेंबर २००२

ऑस्कर,

तू तिकडे मस्कतला केक सजव, इकडे तुझी बहीण अडकलीय. तिचं पत्र आलं. सगळी पत्रं वाचली जातात, म्हणून तिने सरळ लिहिलं नाही. यंत्रमानवाचं निमित्त करून लिहिलं: बाहेर पडायला दार नाही, आधी दार काढ, मला याचं फार वाटतं. भात जाड असतो म्हणाली! आयुष्यात कधी जेवणाबद्दल तक्रार केली होती का तिने?

मला म्हणशील तू डोकं फिरवून घेतोस. फिरवून घेतो. पुढच्या रविवारी मी नाशिकला चाललोय. तिला घेऊन येतो. तुझ्या आईला आत्ताच काही सांगू नकोस.

सुमेध

•

उमेळे
१० सप्टेंबर २००२

ऑस्कर,

गेलो होतो. हसू नकोस. हसणारच तू.

फाटकावर पोचलो तेव्हा मी फार तयारीत होतो. दगडी भिंत असेल, मोठं कुलूप असेल. फाटक उघडंच. आत एक बुटकी म्हातारी नळीने झाडांना पाणी घालत होती. मी म्हटलं, ‘मला सिस्टर आल्बिनांना भेटायचंय, आत्ताच्या आत्ता.’ ती म्हणाली, ‘भेटलात. पायावर पाणी उडेल, बाजूला व्हा.’

मी म्हटलं, ‘स्टेफीला सोडा.’

‘कुठून?’

‘इथून.’

‘ती इथे नाही.’

‘कुठे पाठवलंत?’

‘बाजारात. टोमॅटो आणायला. सायकलवर गेली आहे, तासाभरात येईल. बसा.’

ऑस्कर, मी जिला सोडवायला गेलो ती सायकलवरून गावभर हिंडत होती.

बसलो. त्यांचं मुलींचं वसतिगृह आहे. रविवार असल्याने सगळ्या मोकळ्या. पंधरा-वीस जणींनी मला घेरलं आणि विचारलं, ‘दादा, तुम्हीच ते लोखंडी राक्षसवाले का?’ म्हणजे स्टेफीने त्यांना सगळं सांगितलेलं. मग काय, खेळ सुरू केला. फासे खिशात होतेच. पोरी कसल्या खेळतात! माझा राक्षस त्यांनी विहिरीत ढकलला आणि वर झाकण लावलं. मी म्हटलं असा नियम नाही. त्या म्हणाल्या, आता आहे. मी ओरडतोय, त्या ओरडताहेत, सिस्टर व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसलेली. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. स्टेफी. दोन्ही हँडलना पिशव्या, केसाला तेल, पायात स्लिपर. मला म्हणाली, ‘हे धर जरा,’ आणि टोमॅटोची पिशवी माझ्या हातात दिली.

मग आंब्याखाली बसून बोललो. मी म्हटलं, दार काढलं, चल. तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. ‘येड्या, ते दार तुझ्यासाठी लिहिलं होतं! आपला खेळ म्हणजे तुझा यंत्रमानव झालाय. कॉलेज सोडून आत जाऊन बसलास, तो बसलासच.’

पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी ओरडलो. तुला देव चालतो, मग मी का चालत नाही, असं काहीतरी बोललो. पोरी बघत होत्या. पिशवी माझ्याच हातात होती, ती जमिनीवर आपटली. मग फाटकातून बाहेर पडलो. ते अजून उघडंच होतं.

सुमेध

•

मस्कत
१२ सप्टेंबर २००२

अरे बाबा सुमेध,

तुझं एक तारखेचं पत्र आज हातात पडलं. जाऊ नकोस. हे तुला मिळेपर्यंत तू गेलेला असशील, तुझा उतावळेपणा मला माहीत आहे, तरी लिहितो. जाऊ नकोस.

स्टेफीला कोणी कोंडलेलं नाही. उलट सोडायला आम्हीच तयार नव्हतो. आई दोन दिवस जेवली नाही. मी फोनवर शिव्या दिल्या. ती ऐकेना. आणि ही गोष्ट यंदाची नाही. तिचं जाणं गेल्या वर्षीच जूनमध्ये ठरलं होतं. सगळी कागदपत्रं झाली होती. तेवढ्यात तू इंजिनिअरिंग सोडून आलास, तुझ्या बाबांनी घरात बोलणं टाकलं, आणि तू दिवसभर आमच्या वाडीत केळीखाली पडून असायचास. ती आईला म्हणाली, ‘आता मी गेले तर हा पोरगा वाया जाईल. एक वर्ष थांबते.’ फाशांचा तो खेळ तिनेच तुला सुचवला होता, आठवतं? तुझ्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

तू ते वर्ष वेगळ्या हिशेबात धरलं असशील. धरू नकोस.

केक पाठवता येत नाही, कस्टमवाले खातात. हे तिला सांग.

ऑस्कर

•

उमेळे
२९ सप्टेंबर २००२

स्टेफी,

ऑस्करचं पत्र आलं. ते वर्ष तू माझ्यासाठी थांबलीस म्हणे. मला वाटायचं मी आवडतो म्हणून थांबलीस. या दोन्हींत किती फरक आहे ते मला आता कळतंय आणि अजिबात आवडलेलं नाही. तू माझी सेवा करत होतीस का? रुग्णसेवेचा सराव? पेशंट बरा आहे, सिस्टर. रोज डबा खातो.

ओरडलो त्याबद्दल त्या मुलींची माफी मागतो. तुझी नाही. टोमॅटोंची मागतो.

हृदय-पुरवणीत मी हे वाकडं करून लिहिलं, कारण वाकडं लिहायला मला येतं. सरळ येत नाही. तरी लिहितो. सिस्टर आल्बिना हे आधी वाचणार, वाचोत. माझं तुझ्यावर प्रेम आहे. खेळाच्या आधीपासून आहे. त्या ओट्यावर तू उल्काचे केस रंगवायचीस आणि रंग हाताला लागला की तो पायरीला पुसायचीस, तेव्हा मला गोष्ट पुढे सांगता यायची नाही आणि मी सगळ्यांना फासे टाकायला लावायचो. उगाच. कसलंही कारण नसताना. सिद्धेशचा योद्धा त्यातच मेला.

देवाने तुला बोलावलं असेल. पण त्याने विचारलं, मी विचारायच्या आधी, एवढाच त्याचा मोठेपणा. आता मी विचारतो. परत येशील का? माझ्यासाठी?

हो किंवा नाही लिही. राक्षसाचं, दाराचं, भाताचं काही लिहू नकोस.

सुमेध

•

नाशिक
६ ऑक्टोबर २००२

प्रिय सुमेध,

नाही.

वर एक ओळ मोकळी सोडलीय, म्हणजे तू त्या शब्दाला कशाशी जोडणार नाहीस. आज नाही आणि नंतरही नाही. हे माझ्या मनातलं आहे, माझ्याकडून कोणी लिहवून घेतलेलं नाही.

तुझं माझ्यावर प्रेम आहे हे मला माहीत होतं. सगळ्या भुईगावला माहीत होतं, आमच्या कुत्र्यालासुद्धा. तू बोलत नव्हतास म्हणून मी बोलले नाही. तिथे माझं चुकलं असेल. पण न विचारलेल्याचं उत्तर द्यायला गेले असते तर तू म्हणाला असतास, ‘कोण म्हणालं असं? स्वतःला काय समजतेस?’ म्हणाला असतास ना?

सेवा वगैरे काही नाही. तू माझा मित्र होतास आणि तुझी अवस्था वाईट होती. मित्रासाठी थांबतात. तुझ्या जागी आणखी कोणी असतं तरी थांबले असते, हे तुला झोंबेल, पण खरं आहे.

घरी सगळे म्हणतात देवाने बोलावलं. मला आवाज-बिवाज काही ऐकू आला नाही. मला इथे सकाळी उठावंसं वाटतं, एवढंच मी सांगू शकते. उद्या तसं वाटलं नाही तर फाटक तू पाहिलंसच. पण त्यातून बाहेर पडले तरी मी उमेळ्याला येणार नाही, सुमेध. हे आत्ताच सांगते, म्हणजे तू फाटकाकडे बघत बसणार नाहीस.

आता पुरवणी. ती फाडू नकोस, तुझं डोकं फिरलंय म्हणून सांगते. मुली मागताहेत. नायिकेला फासे दे. आणि एक नियम तू लिहिलेलाच नाहीस. समोरच्याने नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी नायक काय करतो? कार्टूनमध्ये तो कड्यावर उभा राहतो आणि केस उडतात. वसईत कडा नाही. त्याला सकाळी जाऊन दुकान उघडायचं असतं. त्याचा नियम लिही. तो जमला तर पुस्तक चांगलं होईल.

स्टेफी

•

उमेळे
२० ऑक्टोबर २००२

स्टेफी,

पत्र मिळालं. ‘नाही’ लिहिलंय असं वाचलं. सवयीने दुसरा अर्थ काढायला बसलो. उलटं धरलं, उजेडात धरलं, समास तपासले. निघाला नाही.

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मालकाने घरी माणूस पाठवला. तिसऱ्या दिवशी उघडलं. गिऱ्हाईक आलं ते लग्नपत्रिका टाइप करायला! मी एकही अक्षर चुकवलं नाही, हे सिस्टरांनाही सांग.

नियम लिहिलाय. सोबत पाठवतोय. ‘नकार आल्यावर नायकाने फासे टाकायचे नाहीत. बाकीचे खेळत राहतात. नायक टेबलावरून उठत नाही, पण त्याला कोणी काही विचारायचं नाही. आपल्याला पुन्हा खेळायचं आहे, असं तो स्वतः म्हणेल तेव्हा त्याची पाळी येते. लवकर म्हणावं अशी सक्ती नाही.’ सिद्धेश म्हणाला, यात मजा नाही. मी म्हटलं, मजा नाहीच आहे. हो, बोलतो मी त्याच्याशी. उल्का अनुष्का खेळते आता. वाईट खेळते. दिसेल त्याला मिठी मारते.

कॉलेजला मी परत जाणार नाहीये, उगाच आनंदाने घंटा वाजवू नका.

नायिकेला फासे दिलेत. नायकाला होते तितकेच. सगळ्या पुरवण्या दिवाळीनंतर एकत्र छापतोय, मालकाला विचारून. तुझी चित्रं लवकर पाठव, यंत्रमानवाचं आधी. मुखपृष्ठाच्या आत ‘चित्रे’ असं लिहून पुढे जागा सोडलीय. तुमच्यात पुढे नाव बदलतात म्हणे. तिथे नुसतं स्टेफी छापू, की थांबू? सिस्टर लावलं तर आपली पोरं घाबरून पुस्तक हातात घेणार नाहीत, पण तुला तेच हवं असेल तर तेच छापतो. फक्त लवकर कळव. कागद आलाय.

सुमेध